हौसाक्कांच्या नावाचा सुविचार

“फळा कोरा राह्यलेला मला चालायचा न्हाई,” अनुसयाकाकी म्हणाल्या आणि चपला पायात सरकवून निघाल्या. दारात थांबून त्यांनी पुन्हा विचारलं, “हौसाचं आलं का न्हाई मग?”

“आलं,” मी म्हणाले.

आलं नव्हतं. हौसाक्का त्या गुरुवारी मंडळात आल्याच नव्हत्या. पण दुसऱ्या दिवशी तालुक्याहून बाई तपासणीला यायच्या होत्या, वहीत वर्षभराच्या पाळ्या भरलेल्या दिसायला हव्या होत्या, आणि एकट्या हौसाक्कांच्या नावापुढची जागा मोकळी होती. मी मंडळाची चिटणीस. मोकळी जागा बघितली की माझा हात शिवशिवायचा.

या गोष्टीला आता छत्तीस वर्षं झाली. यांची बदली कासारखिंडीच्या शाळेत झाली आणि मी बारावी पास, अक्षर बरं, पोरंबाळं अजून नाहीत, एवढ्या भांडवलावर आठ दिवसांत महिला मंडळाची चिटणीस झाले. अध्यक्षा अनुसयाकाकी. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण गावात त्यांचा शब्द ग्रामपंचायतीच्या ठरावापेक्षा वर चालायचा.

दर गुरुवारी दुपारी तीनला आम्ही बालवाडीच्या खोलीत जमायचो. हजेरी, प्रार्थना, आणि मग प्रत्येकीने घरकामाची एकेक युक्ती सांगायची. दूध करपलं तर त्यात विड्याचं पान टाकावं, मिठाच्या बरणीत तांदळाचे चार दाणे ठेवावेत, असलं सगळं. त्यात काकींचा एक नियम कडक होता. युक्ती आपल्या घरात करून बघितलेली हवी. एकदा एका सुनेने मासिकात वाचून सांगितलं की लिंबं फ्रिजमध्ये पाण्यात बुडवून ठेवली तर महिनाभर टिकतात. काकींनी तिला विचारलं, “तुझ्या घरात हाय का फ्रिज?” नव्हता. तिच्या काय, अख्ख्या गावात नव्हता. “मग आधी फ्रिज आण, लिंबं ठीव, म्हयना जाऊ दे, आन मग सांग,” काकी म्हणाल्या. मी लिहिलेली ओळ खोडली. त्या वहीत खाडाखोड पुष्कळ आहे.

शेवटी सुविचार. ज्या बाईची पाळी असेल तिने तो सांगायचा आणि मी बालवाडीच्या बाहेरच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर लिहायचा, खाली तिचं पूर्ण नाव. ती भिंत चौकाच्या अंगाला होती. सकाळी डेअरीत दूध घालायला येणारा प्रत्येक माणूस तो फळा वाचूनच पुढे जायचा. लग्नपत्रिकेनंतर बाईचं नाव गावात कुठे लिहिलं जात असेल तर ते तिथेच. त्यामुळे सुविचाराला बायका नवी साडी नेसून यायच्या. सुविचार मात्र करून बघितलेला असावा असा काही नियम नव्हता. चांगलं बोलायला कुणाची बंदी असणार?

हौसाक्का पन्नाशीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. कोपऱ्यात भिंतीला टेकून बसायच्या. युक्तीची पाळी आली की म्हणायच्या, “माझं फुडल्या येळंला.” सुविचाराची पाळी आली तरी तेच. काकी इतर कुणाला सोडायच्या नाहीत, पण हौसाक्कांना सोडायच्या. मला वाटायचं, बाई बुजरी आहे.

त्या गुरुवारी सगळ्या गेल्यावर मी खडू घेऊन फळ्यापुढे उभी राहिले. माझी एक वही होती. मनात येईल ते मी त्यात लिहून ठेवत असे. त्यातली एक ओळ मला स्वतःलाच फार आवडायची. ती मी कधीतरी रागाच्या भरात लिहिली होती. ठळक, वळणदार अक्षरात ती मी फळ्यावर उतरवली:

‘मानासाठी जो अडून बसतो, त्याच्या दारात सुख थांबत नाही.’

आणि खाली लिहिलं, सौ. हौसाबाई तातोबा खराडे.

दोन पावलं मागे जाऊन बघितलं. छान दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात पाणी भरत होते तेव्हा शेजारची सिंधू धावत आली. सिंधू गावच्या बायकांची पोलकी शिवायची, त्यामुळे तिला सगळ्यांची मापं ठाऊक होती आणि बातम्याही.

“मास्तरीणबाई, काय लिवलं वो ते फळ्यावर?”

“का? काही चुकलं का?”

“चुकलं? अवो तात्या खराडे चौकात हुबा हाय. घरला जाऊन हौसाक्काला घेऊन आलाय वडत. हौसाक्कानं खरंच सांगितलं तुमाला असं?”

“असं म्हणजे कसं?”

सिंधूने माझ्याकडे बघितलं. मला काहीच माहीत नाही हे तिच्या लक्षात आलं आणि तिने कपाळावर हात मारला. मग माझ्या हातातली घागर खाली ठेवून, चौकाकडे चालता चालता, तिने सगळं सांगितलं.

हौसाक्कांची सून शालन. पहिलं बाळंतपण म्हणून माहेरी गेली, नेरवाडीला. मुलगी झाली. बारशाला इकडची सगळी मंडळी गेली. व्याह्याने सासरकडच्या पुरुषांना फेटे बांधले. कसं झालं देव जाणे, पण तात्यांची पाळी आली आणि फेटे संपले. व्याह्याने गडबडीत त्यांच्या डोक्यावर टोपी ठेवली. चुलतभावाला फेटा आणि मुलीच्या आज्याला टोपी! तात्या पानावरून उठले, सगळ्यांना उठवलं आणि उपाशी परत आले. तेव्हापासून शालन माहेरीच. तात्या म्हणत होते, त्यांनी आणून घालावी. व्याही म्हणत होता, रीतीप्रमाणे न्यायला या. शालनचा नवरा दिनकर बापापुढे मान वर करत नव्हता.

“अकरा म्हयनं झालं,” सिंधू म्हणाली. “नात चालाय लागली आसंल. हौसाक्कानं बारशाला बघितली तेवढीच. म्हनून तर काकी तिला काय इचारत न्हाईत. अख्ख्या गावाला ठावं हाय, पन बोलत कोन न्हाई. आन तुमी फळ्यावरच लिवलं.”

परत फिरावं असं वाटलं. पण सिंधूने दंड धरला होता.

चौकात पंधरा-वीस माणसं होती. दुधाच्या किटल्या खाली ठेवून सगळे उभे. तात्या फळ्यासमोर, डोक्याला पांढरा फेटा, गळ्याच्या शिरा ताठ. त्यांच्यामागे हौसाक्का. हात पिठाचे होते. भाकरी थापता थापता उठवून आणलं असावं. काकी बालवाडीच्या पायरीवर येऊन बसल्या होत्या, जणू कुणीतरी त्यांना मुद्दाम बोलावलं होतं.

“या, बाई,” तात्या मला म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “ह्ये हिनं सांगितलं तुमाला लिवायला? का तुमी तुमच्या मनचं लिवलं?”

सरळ प्रश्न होता आणि त्याला सरळ उत्तर होतं. मी लिहिलं म्हटलं असतं तर यांना शाळेत तोंड दाखवायला जागा राहिली नसती. आदल्या दिवशी काकींशी खोटं बोलले तेही उघडं पडलं असतं. हिने सांगितलं म्हटलं असतं तर त्या घरात हौसाक्कांचं काय झालं असतं ते दिसतच होतं. मी सिंधूच्या मागे सरकले. मी भित्री आहे हे मला त्या चौकात पहिल्यांदा नीट कळलं.

“बाईस्नी काय इचारताय,” हौसाक्का म्हणाल्या. “मला आदी वाचून तर दावा. मला कुठं वाचाय येतंय?”

कुणीच पुढे होईना. मग मलाच पुढे व्हावं लागलं. मी वाचलं. माझीच ओळ, पण वाचताना जड झाली.

“परत वाचा,” हौसाक्का म्हणाल्या.

मी परत वाचलं. त्या फळ्याकडे बघत होत्या. अक्षरं नव्हे, नुसता फळा. मग त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले.

“व्हय,” त्या म्हणाल्या. “माझंच हाय.”

“कवा सांगितलंस?” तात्या.

“कवा का सांगंना. माझंच हाय. खाली नाव हाय न्हवं माझं?”

मागून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. तात्यांनी वळून त्या बाजूला बघितलं. मग मला म्हणाले, “पुसून टाका.”

माझा हात फडक्याकडे गेला होता. खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखंच वाटलं होतं. पण पायरीवरून काकी म्हणाल्या, “गुरवारपातुर फळा पुसत न्हाईत तात्या. मंडळाचा नेम हाय.”

“कसला आलाय नेम!”

“तुमच्या फेट्याचा जसा नेम हाय, तसाच आमच्या फळ्याचा,” काकी म्हणाल्या. त्या उठल्यासुद्धा नाहीत.

तात्या लाल झाले. बायकोला म्हणाले, “आजपासनं तुजं मंडळ बंद.” आणि किटली तिथेच टाकून घराकडे चालू लागले. हौसाक्कांनी किटली उचलली, दूध घातलं, आणि त्यांच्यामागोमाग गेल्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

दुपारी तालुक्याच्या बाई आल्या. वही बघितली, फळा वाचला, ‘सुविचारांची निवड उत्तम’ असा शेरा मारला आणि चहा घेऊन गेल्या. तो शेरा अजून वहीत आहे.

पुढचे दोन दिवस तात्या मागच्या आळीने, ओढ्याच्या बाजूने दूध घालायला यायचे. म्हणजे फळा वाचायला लागू नये. गावातली पोरं शाळेला येताना ती ओळ मोठ्याने म्हणायची. मी घरात बसून होते. यांना पोट दुखतंय म्हणून सांगितलं होतं. ते काही अगदीच खोटं नव्हतं.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास दारात हौसाक्का उभ्या. अंगावर ठेवणीतलं हिरवं लुगडं, हातात बोचकं.

मी म्हणाले, “आत या ना.”

“बसत न्हाई. अकराची कराडची गाडी हाय, नेरवाडीवरनं जाती.” त्यांनी बोचकं उंबऱ्यावर टेकवलं. “तेवढं फळ्यावरचं एका कागदावर लिवून द्या. मोठ्या अक्षरात.”

“कशाला?”

“येवायाला दावते. तिथंबी एकजण अडूनच बसलाय की. ह्योच एकटा हाय व्हय?”

मी कागद घेतला. अक्षर नेहमीसारखं आलं नाही. “तात्यांना विचारलंत?” मी खाली मान घालून विचारलं.

“सांगितलं. इचारलं न्हाई.”

“मग?”

“मग काय? न्यायला बापय जातोय, बायकू जात न्हाई म्हनाले. म्हनलं, टोपी तुमच्या डोक्यावर ठिवली, माझ्या न्हाई. मला कसला मान आन कसलं काय. मी जाती.” त्यांनी बोचक्याची गाठ आवळली. “अकरा म्हयनं ह्ये माझ्या पोटात हुतं बघा. भाकरी करताना हुतं, धारा काढताना हुतं. पन काय हाय त्येच कळत नव्हतं. त्या दिशी तुमी वाचलंसा आन मला वाटलं, आगं, ह्येच की.”

मग त्यांनी पहिल्यांदाच मला एकेरीत विचारलं, “तुला कसं कळलं गं पोरी माझ्या पोटातलं?”

सांगायची हीच वेळ होती. मला काहीच कळलं नव्हतं, तुमचं मला ठाऊकसुद्धा नव्हतं, मोकळी जागा भरायची म्हणून मी तुमचं नाव खाली लिहिलं, हे सांगायला दोन मिनिटं पुरली असती. पण दारात बोचकं होतं आणि अकराची गाडी होती. मी सांगितलं असतं तर कदाचित त्या गेल्या नसत्या. मी स्वतःला तसं समजावलं. खरं म्हणजे, माझ्याकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं आणि मला ते बघणं घालवायचं नव्हतं.

मी कागद त्यांच्या हातात दिला. हौसाक्का माझ्याकडे निरखून बघत होत्या.

“तुझंबी कुनीतरी आसंच अडून बसल्यालं आसंल,” त्या म्हणाल्या. “त्याबिगर आसं लिवाय येत न्हाई.”

“भाऊ,” माझ्या तोंडून निघून गेलं. “कराडला असतो.”

“काय झालं?”

“घर बांधलं त्याने. वास्तुशांतीचं आमंत्रण पोस्टाने पाठवलं. सख्ख्या बहिणीला पोस्टाने! मी गेले नाही. आता दोन वर्षं झाली.”

हे बोलले आणि माझं मलाच ऐकू आलं. ती ओळ मी भावावर लिहिली होती. दोन वर्षं मला वाटत होतं की अडून तो बसलाय.

कागदाची घडी करून हौसाक्कांनी ती चोळीत ठेवली, बोचकं उचललं आणि निघाल्या. वळणावरून गाडीचा आवाज आला तशी त्या पळायला लागल्या. पन्नाशीची बाई, लुगडं सावरत पळत होती.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी संध्याकाळच्या गाडीने त्या परत आल्या. पुढे शालन, मागे हौसाक्का, आणि त्यांच्या कडेवर नात. व्याही स्वतः तालुक्यापर्यंत पोचवायला आला होता म्हणे. कागद वाचून तो काय म्हणाला ते मला कधीच कळलं नाही. दारातलं सिंधूने बघितलं आणि मला येऊन सांगितलं. सिंधूचं सांगणं मीठमसाला लावल्याशिवाय नसतं, तेव्हा त्यातलं थोडं कमी करून घ्यावं. तात्या उंबऱ्यात आडवे उभे होते. हौसाक्कांनी नात त्यांच्या हातात दिली आणि शालनला घेऊन बाजूने आत गेल्या. पोरीने आज्याचा फेटा दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. तो सुटून गळ्यात आला. तात्यांनी तो परत बांधला नाही. बोडक्यानेच अंगणात तिला घेऊन फिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. तीन वाजता हौसाक्का मंडळात आल्या, नातीला घेऊन. मंडळ बंद केल्याचं कुणाच्या लक्षात नव्हतं, किंवा सगळ्यांच्याच लक्षात होतं. त्या कोपऱ्यात न बसता मधे बसल्या. युक्त्या सुरू झाल्या. कुणी बोहारणीचं सांगितलं, कुणी मुंग्यांचं. पाळी हौसाक्कांवर आली तेव्हा मी सवयीने पेन बाजूला ठेवला.

“लिवा,” त्या म्हणाल्या. “माहेरात राहून सून परत आली, तर पयल्या दिशी तिला काम सांगू नका. कुनाचं चुकलं ते इचारू नका. तिला वाढा आन आपुन तिच्यासंगं त्याच येळंला जेवायला बसा. तिच्या आदी न्हाई, तिच्यामागनं न्हाई. तिच्यासंगं.”

काकींनी नेहमीचा प्रश्न विचारला, “करून बघितलंस?”

“काल रातच्याला बघितलं.”

“मग लिवा,” काकी मला म्हणाल्या. मी लिहिलं. त्या पानावर खाडाखोड नाही.

लिहून होईपर्यंत काकी वहीकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “मला एक वाटतंय. सुविचारालाबी ह्योच नेम लावूया. करून बघितल्याला आसंल तरच फळ्यावर. न्हाईतर काय, तोंडाला काय हाड आसतंय? काय गं बायांनो?”

सगळ्या हो म्हणाल्या. हौसाक्कासुद्धा.

“मग आजपासनं. पाळी कुनाची हाय?”

मी वही बघितली. वही बघायची काही गरज नव्हती. पाळी माझी होती.

बाहेर जाऊन मी फळा पुसला. नियमाप्रमाणे, गुरुवारी. खडू घेऊन उभी राहिले. सगळ्या बायका दारात येऊन बघत होत्या, कारण मास्तरीणबाईंचा सुविचार म्हणजे काहीतरी खास असणार. माझी वही माझ्या पिशवीत होती. तिच्यात चाळीसेक ओळी होत्या, एकीहून एक सुंदर. मी मनातल्या मनात पहिलीपासून शेवटपर्यंत सगळ्या वाचल्या. कष्टावर होत्या, क्षमेवर होत्या, प्रेमावर तर सात-आठ होत्या. त्यातली एकही मी घरात करून बघितलेली नव्हती.

“लिवा की,” सिंधू म्हणाली.

मी खडू खाली ठेवला.

“माझं पुढच्या वेळेला,” मी म्हणाले.

आधी कुणाला कळलंच नाही. मग सगळ्या खदाखदा हसल्या. मास्तरीणबाई हौसाक्काची नक्कल करतायत असं त्यांना वाटलं. काकीही हसल्या. आत येऊन मी जागा शोधू लागले.

हौसाक्का हसल्या नव्हत्या. त्यांनी नातीला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि सतरंजीवर माझ्यासाठी जागा केली. मी बसले तशी माझ्याकडे न बघता, हलक्या आवाजात म्हणाल्या, “रविवारची अकराची गाडी रिकामी आसती.”